रॉबर्टो क्लेमेंटेची जुनी बेसबॉल कार्डे आणि दुर्मीळ वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी रॉबर्टो क्लेमेंटे या एकाच खेळाडूभोवती संग्रह उभा करायचे ठरवले आहे, किंवा तसे करावे की नाही याचा विचार चालवला आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांच्या आणि क्रिकेटपलीकडच्या खेळांचा इतिहास आवडीने वाचणाऱ्या इथल्या वाचकांच्या, अशा दोघांच्याही शंका यात घेतल्या आहेत.

क्लेमेंटे कोण होता आणि त्याच्याच वस्तू का जमवाव्यात?

रॉबर्टो क्लेमेंटेचा जन्म 18 ऑगस्ट 1934 रोजी पोर्तो रिकोतील कॅरोलिना या गावी झाला. ब्रुकलिन डॉजर्स संघाने 1954 साली त्याला करारबद्ध केले आणि मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात ठेवले, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने खेळाडू निवडीच्या नियमाचा आधार घेऊन त्याला आपल्याकडे ओढले. त्यानंतरचे सर्व 18 हंगाम तो पिट्सबर्गसाठीच खेळला. चार वेळा फलंदाजीचे विजेतेपद, क्षेत्ररक्षणासाठी सलग 12 गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, 1966 साली लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि 1960 व 1971 अशी दोन जागतिक मालिकांची, म्हणजे हंगामाअखेरच्या अंतिम लढतींची, जेतेपदे त्याच्या नावावर आहेत. राइट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या उजव्या भागातून, त्याने केलेली फेक पाहण्यासाठीच माणसे मैदानावर येत असत.

30 सप्टेंबर 1972 रोजी त्याने आपला 3000 वा हिट (चेंडू मारून सुरक्षितपणे बेसवर पोचणे) मारला आणि नियमित हंगामातला तोच त्याचा शेवटचा हिट ठरला. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा डिसेंबर 1972 मधल्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा तेथील लोकांसाठी मदतीचे सामान घेऊन तो 31 डिसेंबरच्या रात्री स्वतः विमानात बसला. पोर्तो रिकोच्या राजधानीतून, सान हुआनहून, उडालेले ते विमान काही क्षणांतच समुद्रात कोसळले आणि त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूला ठेवून 1973 सालीच त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, स्थान देण्यात आले.

त्याच्याच वस्तू जमवण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण असे की, त्या काळच्या अमेरिकेने स्पॅनिश बोलणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूला कसे वागवले, याचा पुरावा त्याच्या कार्डांवर छापलेला आहे. इतर अनेक थोर खेळाडूंची कार्डे अधिक महाग आहेत, पण इतके सांगणारी कार्डे फार थोड्यांची आहेत.

त्याची मुख्य कार्डे किती आणि कोणती?

खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे च्युइंगगमच्या पाकिटातून विकणाऱ्या ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने 1955 ते 1973 या काळात दरवर्षी त्याचे एक नियमित कार्ड काढले, म्हणजे एकूण 19. त्याखेरीज 1972 च्या संचात 309 क्रमांकाच्या नियमित कार्डाला लागूनच 310 क्रमांकाचे, खेळतानाचे छायाचित्र असलेले दुसरे कार्ड आहे. इतर खेळाडूंसोबतची कार्डे आणि आकडेवारीत आघाडीवर असलेल्यांची कार्डे वेगळी मोजावी लागतात; 1959 मधील पायरेट्सच्या तीन आउटफिल्डरांचे (मैदानाच्या बाहेरच्या भागात क्षेत्ररक्षण करणाऱ्यांचे) 543 क्रमांकाचे कार्ड त्यांपैकी विशेष देखणे आहे.

या 19 कार्डांत काही अवघड जागा आहेत. 1955 चे 164 क्रमांकाचे कार्ड हे त्याचे रुकी कार्ड, म्हणजे पदार्पणाच्या वर्षीचे पहिले कार्ड, आणि ते त्या संचाच्या अखेरच्या टप्प्यात छापले गेले. त्या काळी टॉप्स आपला संच हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात आणत असे. उन्हाळा संपत आला की मुलांचे लक्ष अमेरिकी फुटबॉलकडे वळे, दुकानदार नवी खोकी मागवत नसत, आणि त्यामुळे शेवटच्या क्रमांकांची कार्डे कमी प्रमाणात बाहेर पडत. 1963 चे 540 क्रमांकाचे कार्ड याच कारणाने चांगल्या अवस्थेत मिळणे कठीण आहे. 1971 च्या संचाच्या कडा काळ्या असल्यामुळे कोपरा जरासा झिजला तरी पांढरा कागद उघडा पडतो, म्हणून ते कार्ड स्वस्त असूनही स्वच्छ स्थितीत क्वचित दिसते.

1956 च्या 33 क्रमांकाच्या कार्डाची मागची बाजू करड्या आणि पांढऱ्या अशा दोन कागदांवर आढळते. 1958 च्या 52 क्रमांकाच्या कार्डावर संघाचे नाव बहुधा पांढऱ्या अक्षरांत असते, पण काही प्रतींवर ते पिवळ्या अक्षरांत आहे आणि त्या प्रती पुष्कळच महाग आहेत. प्रत्येक प्रकार आपल्याकडे असलाच पाहिजे, असे सुरुवातीला मनाला लावून घेऊ नये.

काही कार्डांवर त्याचे नाव ‘बॉब’ का छापले आहे?

1955 आणि 1956 च्या टॉप्स कार्डांवर ‘रॉबर्टो क्लेमेंटे’ असेच नाव आहे. 1957 पासून मात्र ते ‘बॉब’ झाले आणि 1969 पर्यंत तसेच राहिले. समालोचक आणि वार्ताहर त्याला ‘बॉब’ किंवा ‘बॉबी’ म्हणत. अमेरिकी प्रेक्षकांना परके वाटू नये म्हणून नाव असे कापून घेण्याची ती पद्धत होती आणि ती त्याला मान्य नव्हती. आपले नाव रॉबर्टो आहे, हे तो स्पष्टपणे सांगत असे. त्याच काळातील वृत्तपत्रांत त्याचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे, चुकीच्या वर्तनीत छापून त्याला हसण्याचा विषय केले जाई, आणि दुखापतींबद्दल तो बोलला तर तो कुरकुरतो असे लिहिले जाई. 1960 साली पायरेट्सने जागतिक मालिका जिंकली तेव्हा लीगमधील सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याचा सहकारी डिक ग्रोट पहिला आला आणि क्लेमेंटे आठवा, ही गोष्ट त्याला फार लागली होती.

1970 च्या कार्डावर ‘रॉबर्टो’ परत आले. म्हणूनच ज्यांना सगळी कार्डे घेणे शक्य नाही, त्यांनी 1956, साठच्या दशकातील कोणतेही एक, आणि 1970 अशी तीन कार्डे शेजारी ठेवावीत, अशी माझी शिफारस आहे. नावाचा हा इतिहास एवढ्यानेही डोळ्यांसमोर उभा राहतो.

1955 चे कार्ड परवडत नसेल तर काय करावे?

खालच्या दर्जाची प्रत घ्यावी, किंवा ते सोडून द्यावे. घडी पडलेले, कोपरे गोल झालेले कार्डही अस्सलच असते; कोणी तरी मुलाने ते खिशात बाळगले म्हणून ते तसे झाले. मात्र केवळ या एका कार्डासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवत बसून बाकीचा संग्रह थांबवू नये. 1973 चे 50 क्रमांकाचे कार्ड, जे त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आले, आजही तुलनेने सहज मिळते, आणि त्यापासून मागे मागे जात संग्रह वाढवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

टॉप्सने 1998 साली त्याच्या 19 नियमित कार्डांची अधिकृत पुनर्मुद्रणे काढली होती. रिकामी जागा भरण्यासाठी ती उत्तम आहेत. फक्त ती मूळ म्हणून विकली जात नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

ऑडबॉल कार्डे म्हणजे काय?

च्युइंगगमच्या पाकिटातून येणाऱ्या नियमित संचांव्यतिरिक्त जे काही छापले गेले, त्याला संग्राहक ऑडबॉल म्हणतात. त्यात खाद्यपदार्थांच्या खोक्यांवरील कार्डे, स्थानिक दुकानांची भेटकार्डे, कंपनीने चाचणीसाठी थोड्या प्रमाणात छापलेले संच, प्लॅस्टिकची नाणी, स्टिकर अशा नाना गोष्टी येतात. एका खेळाडूच्या संग्राहकाला खरा आनंद इथेच मिळतो, कारण नियमित कार्डांची यादी ठरलेली असते, पण या वस्तूंचा शोध बराच काळ चालतो.

क्लेमेंटेच्या बाबतीत पहिला मान सिनसिनाटीच्या कान्स या मांसपदार्थांच्या कंपनीला द्यावा लागेल. सॉसेजच्या जाहिरातीसाठी या कंपनीने 1955 ते 1969 दरम्यान कार्डे काढली. सुरुवातीला त्यात फक्त सिनसिनाटीचे खेळाडू होते. 1957 पासून पायरेट्सचे खेळाडू आले आणि क्लेमेंटेही आला. 1957 चे कार्ड कृष्णधवल आहे आणि त्यावर छापील सही आहे. त्या साध्या छायाचित्रात जो तरुण मुलगा दिसतो, तो टॉप्सच्या रंगीत कार्डांत मला कधी दिसला नाही.

पोस्ट या न्याहारीच्या धान्याच्या कंपनीने 1961 ते 1963 या तीन वर्षांत खोक्याच्या पुठ्ठ्यावरच कार्डे छापली, आणि मुलांनी ती कात्रीने कापून काढली. त्यामुळे प्रत्येक कार्डाचा आकार किंचित वेगळा असतो. खोक्यावरची छापील चौकट चारही बाजूंनी शाबूत असेल तर तो उत्तम काप समजावा. 1962 साली कॅनडातील पोस्ट कार्डांवर मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत होता. न कापलेला पूर्ण पुठ्ठा मिळाला तर तो कापण्याचा विचार चुकूनही करू नये.

साठच्या दशकात पिट्सबर्गमध्ये स्थानिक वस्तूंची रेलचेल होती. ईस्ट हिल्स या खरेदी केंद्रातील दुकानांनी 1966 साली पायरेट्सचा एक संच वाटला, ज्यात कार्डांचे क्रमांक खेळाडूंच्या गणवेशावरील क्रमांकांप्रमाणेच आहेत. म्हणून क्लेमेंटेच्या कार्डाचा क्रमांक 21 आहे. मैदानावर आणि टपालाने विकल्या जाणाऱ्या जे पब्लिशिंगच्या कृष्णधवल छायाचित्रांची पाकिटे याच काळातली आहेत आणि ती अजूनही माफक किमतीत मिळतात.

सर्वांत हवेहवेसे ऑडबॉल म्हणजे 1968 चे टॉप्स थ्री-डी. हा केवळ 12 कार्डांचा चाचणी संच होता, त्यावर क्रमांक नाहीत, आणि छायाचित्रावर खाचा असलेला प्लॅस्टिकचा थर आहे, ज्यामुळे खेळाडू पार्श्वभूमीपासून पुढे आल्यासारखा वाटतो. हा संच बाजारात फारसा पोचलाच नाही आणि त्यातील क्लेमेंटेचे कार्ड सर्वांत मोलाचे मानले जाते. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी केलॉग्जचे 1970 चे कार्ड घ्यावे. ते न्याहारीच्या खोक्यातून येत असे, तंत्र तेच आहे आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. या दोन्हींचा प्लॅस्टिकचा थर वाकवला की तडकतो, म्हणून ती हातात फार वेळ खेळवू नयेत.

व्हेनेझुएला आणि कॅनडाच्या कार्डांचे काय वैशिष्ट्य आहे?

टॉप्सच्या परवानगीने व्हेनेझुएलातही हे संच छापले जात. त्यांचा कागद पातळ आणि चमक कमी असते. 1962 च्या कार्डांची मागची बाजू स्पॅनिशमध्ये आहे. तिथली मुले कार्डे वहीत चिकटवत, त्यामुळे बहुतेक प्रतींच्या मागे डिंकाचे डाग किंवा फाटलेला कागद असतो. या कार्डांचा दर्जा अमेरिकी कार्डांच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. लॅटिन अमेरिकेतील मुलांनी आपल्या भागातल्या नायकाला कसे जपले हे त्या डिंकाच्या डागांवरूनच कळते, आणि मला स्वतःला ती कार्डे फार प्रिय आहेत.

कॅनडात लंडन, ऑन्टारिओ येथील ओ-पी-ची कंपनी टॉप्सची कार्डे काढत असे. सत्तरच्या दशकातील कार्डांच्या मागे इंग्रजीसोबत फ्रेंच मजकूर आहे, एवढी खूण पुरेशी आहे.

कार्डांखेरीज आणखी काय जमवता येते?

पुष्कळ काही, आणि बरेचदा कमी खर्चात. 3000 व्या हिटच्या सामन्याला पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमवर फक्त 13,117 प्रेक्षक होते, त्यामुळे त्या दिवसाच्या तिकिटाचा तुकडा मिळणे दुर्मीळ आहे. 1 सप्टेंबर 1971 रोजी पायरेट्सने फिलाडेल्फियाविरुद्ध सुरुवातीचे नऊही खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिन असे उतरवले. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, इतिहासात असे प्रथमच घडले. त्या दिवशी कोणी तरी पेन्सिलने भरलेली धावपत्रिका मिळाली, तर तिच्यावरचे हस्ताक्षर पुसू नये, तीच तिची किंमत आहे. 24 जुलै 1970 रोजी पिट्सबर्गमध्ये त्याच्या सन्मानाचा कार्यक्रम झाला होता, त्याच्या कार्यक्रमपत्रिकाही अधूनमधून विक्रीस येतात.

अमेरिकी टपाल खात्याने 17 ऑगस्ट 1984 रोजी त्याच्या गावी, कॅरोलिना येथे, 20 सेंटचे तिकीट प्रसिद्ध केले. तिकिटावर त्याच्या चित्रामागे पोर्तो रिकोचा ध्वज आहे. प्रथम दिवस आवरणासह (प्रकाशनाच्या दिवसाचा शिक्का असलेल्या पाकिटासह) ते आजही सहज मिळते, आणि नवशिक्यासाठी याहून चांगली पहिली खरेदी मला सुचवता येणार नाही.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममधील त्याच्या कांस्य पाटीची चित्रे असलेली पोस्टकार्डेही लक्षपूर्वक पाहावीत. स्पॅनिश पद्धतीत वडिलांचे आडनाव आधी आणि आईचे नंतर येते, म्हणून त्याचे पूर्ण नाव रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर असे होते. पाटीवर मात्र ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’ असे कोरले गेले आणि ते 2000 साली दुरुस्त करण्यात आले. दोन्ही पाट्यांची पोस्टकार्डे शेजारी लावली की ‘बॉब’च्या कार्डांशी त्यांचे नाते आपोआप लक्षात येते.

जानेवारी 1973 च्या पहिल्या दिवसांतील पिट्सबर्ग आणि सान हुआनची वृत्तपत्रेही जमवण्यासारखी आहेत. वृत्तपत्रांचा कागद आम्लयुक्त असल्याने तो पिवळा पडून तुटतो. ती आम्लरहित पाकिटात, उजेडापासून दूर ठेवावीत.

नकली किंवा फेरफार केलेले कार्ड कसे ओळखावे?

सर्वांत भरवशाचा उपाय असा : ज्या संचातील क्लेमेंटेचे कार्ड घ्यायचे आहे, त्याच संचातील एखाद्या सामान्य खेळाडूचे कार्ड आधी स्वस्तात विकत घ्यावे. कागदाची जाडी, मागच्या बाजूचा पोत, शाईचा रंग आणि प्रकाशासमोर धरल्यावर कागदातून किती उजेड येतो, हे सगळे त्याच्याशी ताडून पाहावे. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली मूळ कार्डाचे चित्र रंगीत ठिपक्यांचे दिसते, तर नावाची काळी अक्षरे भरीव आणि काठाला स्वच्छ असतात. छायाचित्रावरून पुन्हा छापलेल्या नकली कार्डात अक्षरांतही ठिपके दिसतात. जंबुपार उजेडात आधुनिक कागद अनेकदा निळसर पांढरा चमकतो, पण ही खूण एकटी निर्णायक मानू नये.

मोजपट्टी जवळ ठेवावी. 1955 आणि 1956 चे कार्ड आडवे असून त्याची रुंदी पावणेचार इंच आहे. 1957 पासून अडीच बाय साडेतीन इंचांचे माप रूढ झाले. झिजलेले कोपरे नाहीसे व्हावेत म्हणून कडा कापण्याचा गैरप्रकार फार चालतो. कार्ड मापाला कमी भरत असेल, किंवा बाकी सारे झिजलेले असताना एकच कड पात्यासारखी धारदार असेल, तर ते घेऊ नये. 1971 च्या काळ्या कडांवर कधी कधी शाईच्या लेखणीने रंग भरलेला असतो. कड तिरपी धरून उजेडात पाहिली की तो वेगळा चमकतो.

सही केलेले कार्ड घ्यावे का?

फार विचार करून. तो अवघ्या 38 व्या वर्षी गेला, त्यामुळे मागणीच्या मानाने त्याच्या सह्या कमी आहेत आणि बनावट पुष्कळ आहेत. संघाच्या चेंडूंवर दुसऱ्या कोणी तरी खेळाडूंच्या नावे सह्या करून द्यायच्या, हा प्रकार त्या काळी अनेक संघांत चाले. शिवाय 1955, 1956, 1959, 1967 आणि 1971 च्या टॉप्स कार्डांवर सही छापलेलीच आहे. ती हाताने केलेली आहे असे समजून जास्त पैसे देणारे नवे संग्राहक अजूनही भेटतात. मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेली नसेल, तर क्लेमेंटेची सही घेऊ नये, असेच मी सांगेन.

ग्रेडिंग करून घेणे आवश्यक आहे का?

महागड्या कार्डासाठी होय, इतरांसाठी नाही. पीएसए, एसजीसी आणि बेकेट या संस्था कार्ड तपासून 1 ते 10 असा दर्जा देतात आणि ते बंद प्लॅस्टिकच्या डबीत, ज्याला स्लॅब म्हणतात, सील करतात. त्यामुळे अस्सलपणाची हमी मिळते, पण एका दर्जाच्या फरकाने किमतीत जो प्रचंड फरक पडतो तो डोळ्यांना क्वचितच दिसतो. ज्याच्या चित्राचा मध्य नीट साधलेला आहे असे 3 किंवा 4 दर्जाचे कार्ड दिसायला किती सुंदर असू शकते, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पटत नाही. डबीवरचा आकडा पाहण्याआधी कार्ड पाहावे.

महाराष्ट्राच्या दमट हवेत कार्डे कशी जपावीत?

पावसाळा हा जुन्या पुठ्ठ्याचा शत्रू आहे, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात. कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात, मग कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये ठेवावे. ही सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत आणि जेल ओलावून रंग बदलू लागले की वाळवून घ्यावे. लोखंडी कपाटाचा तळ, बाहेरची भिंत आणि न्हाणीघराशेजारची खोली टाळावी. पीव्हीसीची जुनी पारदर्शक पाने वापरू नयेत. काही वर्षांत ती चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. वास येऊ नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडची सवय कपड्यांपुरती ठेवावी. थ्री-डी कार्डे मात्र अति कोरड्या हवेत वळतात, म्हणून ती सपाट दाबून ठेवावीत.

कार्डे भारतात मागवताना काय काळजी घ्यावी?

टपालाने आलेल्या वस्तूवर सीमाशुल्क लागू शकते आणि पाकीट उघडले जाऊ शकते, हे गृहीत धरावे. खरी किंमत जाहीर करायला सांगावे, विमा घ्यावा आणि दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बांधून पाठवण्याची अट घालावी. अमेरिकेतील नातेवाइकांकडे जमा करून एकदम आणणे अनेकांना सोयीचे पडते. पावत्या तेव्हाही सोबत ठेवाव्यात.

गुंतवणूक म्हणून हा संग्रह करावा का?

नाही. भाव चढतात तसे पडतातही, आणि विकताना दलाली द्यावी लागते. जे वर्षभर कपाटात अडकून राहिले तरी चालेल इतकेच पैसे खर्च करावेत.

पिट्सबर्गला गेल्यास प्रत्यक्ष काय पाहता येईल?

लॉरेन्सव्हिल भागातील जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत क्लेमेंटे संग्रहालय आहे. तिथे मार्गदर्शकासोबत फिरवतात, म्हणून आधी वेळ ठरवून जावे. पीएनसी पार्क मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे आणि शहराच्या मध्यभागातून मैदानाकडे जाणाऱ्या पुलाला त्याचे नाव दिले आहे. सामन्याच्या दिवशी तो वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. क्लेमेंटे जिथे बहुतांश कारकीर्द खेळला ते फोर्ब्ज फील्ड आता उरलेले नाही, पण ओकलंड भागात विद्यापीठाच्या आवारात त्याच्या बाहेरच्या भिंतीचा भाग अजून उभा आहे. पायरेट्सच्या सामन्याच्या वेळापत्रकाशी भेट जुळवता आली, तर 15 सप्टेंबरच्या आसपास जावे, कारण तो रॉबर्टो क्लेमेंटे दिन म्हणून साजरा होतो आणि खेळाडू 21 क्रमांकाचा गणवेश घालून उतरतात.